धुनीचा धूर

आमच्या घरात मला सगळे ‘सीआयडी’ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि वैताग जास्त होता. दुधावरची साय कुणी खाल्ली, शेजारची म्हातारी आज न बोलता आपल्या दारावरून का गेली, आबांनी बाजारातून येताना कुणाकडे चहा घेतला, हे मला कुणी न सांगता कळायचं, आणि कळलं की गप्प बसवायचं नाही. आई म्हणायची, “ह्या पोरीच्या डोळ्यातनं काय सुटत न्हाई आनि पोटात काय ऱ्हात न्हाई.” आता सत्तरीला टेकले तरी स्वभाव तोच आहे. सुना स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायला लागल्या की मी टीव्हीचा आवाज कमी करते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं सगळं एका संशयी बाईच्या तोंडचं आहे हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. पण संशयी माणसाचंही कधीतरी खरं निघतं.

त्या वेळी घरात आम्ही चौघंच. आई, फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले आबा, माझ्याहून थोडा मोठा जयसिंगदादा आणि मी. गाव रहिमतपूरच्या अलीकडचं, नदीकाठचं. संध्याकाळी मळ्यातली इंजिनं बंद झाली की गावाला एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं, आणि मग घराघरातून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागायचा. त्या थपथपीवर आमचा डाव चालायचा. डाव बुद्धिबळाचा. माझा मामा सांगलीत हळदीच्या अडत्याकडे कामाला होता, आणि सांगलीत बुद्धिबळाचं वेड असं की दुकानाच्या फळीवरसुद्धा पट मांडलेला असायचा. मामाने आपला जुना पट दादाला दिला होता. त्यातला एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी आम्ही सुपारी ठेवायचो. पट माझ्यापुढे असायचा आणि दादा माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवत बसायचा. मी ओरडायची, “वजिराकडचा घोडा उंटापुढं!” दादा हुलग्याचं माडगं भुरकत म्हणायचा, “मग तुझं कडंचं प्यादं गेलं की, सुमे. बघ नीट.” मी डोळे फाडून पटाकडे बघत असायची आणि मला दिसायचं नाही, त्याला मात्र कुडाच्या भिंतीवर सगळं दिसायचं. आई भाकरी उलटता उलटता म्हणायची, “कुठं बघतंय रं हे पोरगं?” आणि तिला ते फार आवडायचं.

एक डाव त्याने मला घोकून घेतला होता. समोरच्याला आपला वजीर फुकट खाऊ द्यायचा, आणि तो चवीने खातोय तोवर उंटाने आणि घोड्यांनी त्याच्या राजाला मात द्यायची. या डावात मी इतक्या वेळा अडकले की शेवटी दादाने मला समोर बसवून, एकेक चाल तोंडाने म्हणायला लावून, पाढ्यासारखा तो पाठ करून घेतला. “ह्यात परत गावलीस तर माझी भन म्हनून सांगू नगंस,” असं म्हणाला होता. अजूनही मला तो झोपेत विचारला तरी सांगता येईल.

मामाच्या मनात एक बेत होता. दिवाळीत सांगलीत मोठे सामने व्हायचे. त्यात दादाला उतरवायचं, मॅट्रिक झाल्यावर त्याला आपल्याकडे ठेवून घ्यायचं आणि कॉलेजात घालायचं. आमच्या भावकीत तोवर एक तर फौज नाहीतर ऊस, तिसरी वाट कुणी बघितलीच नव्हती. दादाची ती वाट त्याच्या डोक्यातून जात होती, दुसरं काही भांडवल आमच्याकडे नव्हतं. हे आईला नीट कळलं होतं. आबांना कळलं होतं की नाही, याबद्दल मला तेव्हा शंका होती आणि आजही थोडी आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा सांगलीला मामाकडे राहून आला. दिवसभर तिथल्या जाणत्या माणसांबरोबर खेळला, बरेच डाव हरला, आणि परत आला तो झोप हरवून. अंथरुणावर पडल्या पडल्या चाली पुटपुटायचा. जेवताना घास हातात तसाच राहायचा. मला विचाराल तर त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पोरगं पहिल्यांदाच आपल्यापेक्षा वरचढ माणसांकडून हरलं होतं आणि ते त्याला पचत नव्हतं. पण गावात बोलणं सुरू झालं की बुद्धिबळानं माणूस येडा होतो, त्या खेळात राजाच्या मागे लागून अमक्याचा आजा नागडा हिंडला होता. आबांनी हे सगळं चावडीवर ऐकलं आणि एक दिवस पट उचलून माळ्यावर टाकला. मामाला निरोप गेला की यंदा पोरगं यायचं नाही. दादाला म्हणाले, “डोस्क्याला इसावा दे. सांजच्याला मठात जात जा. बुवांच्या भजनात बस. मन थाऱ्यावर येतंय.”

मठ म्हणजे नदीच्या वळणावरची एक दगडी ओवरी, पुढे पत्र्याची पडवी आणि मधोमध कधी न विझणारी धुनी. बुवा साधा माणूस होता. कुणाकडे काही मागायचा नाही, गोड बोलायचा, पखवाज फार चांगला वाजवायचा. गावातली वयस्क मंडळी तिथे बसायची. तालमीत पोरगं गेलं तर मारामाऱ्या शिकेल, तालुक्याला गेलं तर सिनेमा बघेल, पण मठात जाणाऱ्या पोरावर कोण संशय घेणार? आई तर हरखलीच. पोरगं देवाच्या पायाशी गेलं म्हणून तिने शेजारणीला बोलावून चहा पाजला.

आणि खरंच, दादाला झोप लागायला लागली. चांगली गाढ, उन्हं अंगावर येईपर्यंत. भूकही वाढली. गुळाचा डबा मी चापून भरलेला असायचा तो अर्धा व्हायचा. आई म्हणायची, पोरगं सुधारलं. मला मात्र ती झोप आवडली नाही. दादा आधी हाक मारली की ताडकन उठायचा, आता हलवून हलवून जागा करावा लागायचा, आणि जागा झाला तरी बराच वेळ कुठेतरी लांब असल्यासारखा बघायचा. त्याच्या घोंगडीला एक वास यायला लागला. शेणीच्या धुराचा नव्हे, ओल्या पाल्यासारखा, थोडा गोडसर. मी विचारलं तर म्हणाला, “धुनीचा धूर लागतो, गं.” डोळे लाल का? धुनीचा धूर. घसा का बसला? धुनीचा धूर. सगळ्याला एकच उत्तर असलं की माझं डोकं ठणकायला लागतं. पण मी चुकीच्या दिशेनं गेले, हेही सांगायला पाहिजे. मला वाटलं, पोरगी आहे. नदीवर धुण्याला येणाऱ्या दोघीतिघींवर मी बरेच दिवस पाळत ठेवली, आणि त्यातली एक तर माझ्याशी आयुष्यभर बोलली नाही.

वर्ष तसंच गेलं. दादा भजनात रमला, पखवाज शिकतो म्हणून दुपारचाही जायला लागला. घरातली लहान लहान कामं त्याच्या हातातून सांडायला लागली. मीठ आणायला पाठवला तर तंबाखू घेऊन यायचा आणि मीठ सांगितलं होतं हे त्याला पटायचं नाही. उसाला पाणी पाजायला, बारं धरायला गेला तर पाणी शेजाऱ्याच्या रानात, आणि हा बांधावर बसून हसतोय. कुणी बोललं तर चिडायचा नाही, नुसता हसायचा. मॅट्रिकला गणितात नापास झाला. ज्या पोराने कुडाच्या भिंतीवर आख्खा पट मांडला, ते पोरगं गणितात गेलं. आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कुणाची तरी नजर लागली, असं तिचं म्हणणं. सगळ्यांना वाईट डोळे बाहेरचे दिसत होते. मला घरातल्या घरात काहीतरी कुजल्याचा वास येत होता.

म्हणून मी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. आबा रानात गेलेले, आई दळणाला. मी माळ्यावरून पट काढला आणि दादाला म्हटलं, एक डाव टाकू. तो आधी नको म्हणाला, मग आळसावून भिंतीकडे तोंड करून बसला. मी तोच डाव सुरू केला, त्याने घोकून घेतलेला. तो पुढच्या चालीलाच वळून माझा कान धरेल आणि म्हणेल, सुमे, मलाच शिकवतीस का, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्याने कान धरावा म्हणूनच मी ते करत होते. तो वळला नाही. मध्येच विचारायला लागला, “माझा उंट कुठं हाय? हितंच हाय न्हवं?” मी सांगितलं, कुठे आहे ते. मी वजीर मोकळा सोडला. तो खूश होऊन म्हणाला, “वजीर खाल्ला तुझा.” मी उंटानं शह दिला, घोडा लावला आणि म्हणाले, “मात.” तो वळला. पटाकडे बराच वेळ बघत राहिला. मग कौतुकानं, अगदी मनापासून म्हणाला, “आयला, झ्याक हाय की. हे कुनी शिकिवलं तुला? मामानं?”

मी पट गोळा केला आणि परसात जाऊन गोठ्याच्या आडोशाला रडले. मला भीती वाटत होती, साधीसुधी नाही, माणूस डोळ्यांसमोर बसलेला असताना हरवला तर वाटेल तशी. आणि त्या भीतीबरोबर रागही. कुणीतरी माझ्या भावाच्या डोक्याला हात लावला होता आणि मला तो हात सापडत नव्हता.

तो सापडला श्रावणातल्या सोमवारी, भर दुपारी. आईने मठात नैवेद्याला शिरा करून दिला आणि ताट घेऊन मला पाठवलं. एरवी बायकामाणसं उंबऱ्याशी ताट ठेवून हाक मारायची आणि परत यायची. मी हाक मारली नाही. चपला बाहेर काढल्या आणि पडवीत गेले. धुनीभोवती पाच-सहा म्हातारी माणसं बसली होती, आमच्याच आळीतली, मला कडेवर घेऊन खेळवलेली. त्यांच्या मध्ये दादा. त्याच्या दोन्ही हातांच्या ओंजळीत मातीची चिलीम होती, ओलं फडकं गुंडाळलेली. त्याने गाल आत ओढून झुरका घेतला आणि शेजारच्या म्हाताऱ्याकडे चिलीम दिली. इतक्या सवयीने की बघवेना. तोच ओल्या पाल्याचा गोडसर वास. बुवांनी मला बघितलं आणि अजिबात दचकले नाहीत. “ये बाय. ठेव ताट. म्हादेवाचा परसाद चाललाय.”

मी शिऱ्याचं ताट तसंच घेऊन परत आले. आबा ओसरीवर दोरखंड वळत बसले होते, आई जोंधळा पाखडत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. गांजा हा शब्द मी घरात पहिल्यांदाच उच्चारला होता आणि तो तोंडातून काढताना माझी जीभ अडखळली. मला वाटलं, आता आबा काठी घेऊन उठतील. आबांनी मान वर केली नाही. दोरीला पीळ देत म्हणाले, “मला ठावं हाय.”

आईच्या हातातलं सूप थांबलं. “काय ठावं हाय?”

“मीच बुवाला सांगितलं. पोराला झोप न्हाई, येखांदा झुरका देत जावा म्हनलं.”

“आवं, काय बोलताय तुमी?”

“तुला काय म्हाईत हाय?” आबांचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. “माझ्या पलटनीत मानदेशातला एक गडी हुता. त्येची झोप उडाली. असंच पुटपुटायचा. एक दिस उठला आनि चालत गेला, परत गावला न्हाई. मी डोळ्यानं बघितलंय त्येला. माझं पोरगं तसं नगं हुतं मला. आनि गांजानं काय हुतंय? तात्या, नाना, समदी बसत्यात थितं. वर्सानुवर्सं वडत्यात. नानाला अजून आख्खं भजन तोंडपाठ हाय. कुनाचं काय बिघाडलं?”

आबा खोटं बोलत नव्हते. नानांना खरंच सगळं तोंडपाठ होतं. मी आयुष्यात इतक्या जणांवर संशय घेतला, नदीवरच्या पोरींवर, बुवांवर, शेजारणीवर, पण हवालदारसाहेबांवर घ्यायचं मला सुचलं नव्हतं. ते चोरून काही करत नव्हते, त्यांनी औषध दिलं होतं. म्हाताऱ्यांना मानवतं ते पोराला मानवेल, एवढाच त्यांचा हिशेब. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या हातातल्या दोरीचा पीळ उलगडलेला बघून रडूही आलं.

आईने सूप बाजूला ठेवलं. ती आबांपुढे कधी उभं राहून बोलायची नाही, त्या दिवशी उभी राहिली. “नानाचं मडकं भाजून निघाल्यालं हाय. कितीबी घाला त्यात. ह्या लेकराचं अजून चाकावर हाय. चाकावरच्या मडक्यात कुनी आग घालतंय का, सांगा मला.” आईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि तशीच चालत मठात गेली, मी तिच्या मागे. पडवीत शिरून तिने दादाच्या दंडाला धरलं आणि उठवला. बुवा म्हणाले, “आक्का, मी बोलवाय गेलो न्हवतो. हवालदारानं आनून सोडला.” आई म्हणाली, “मी न्ह्याय आली हाय.” बास, एवढंच. दादा हसत होता. भर गावातून आई त्याला लहान पोरासारखा हाताला धरून घेऊन आली आणि तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन सांगलीला मामाकडे गेली. ते दिवस मामाने नंतर मला सांगितले. दादाला झोप येईना, भूक मेली, कपाट आपटायचा, मामीला वाटेल ते बोलायचा. मामाने त्याला अडत्याच्या गोदामात हळदीची पोती मोजायला लावलं, संध्याकाळी पट मांडून समोर बसवलं. काही महिन्यांनी माणूस परत आला. डोळे निवळले, सांगितलेलं काम ध्यानात राहायला लागलं, मॅट्रिक दुसऱ्या खेपेला निघाली. चिलीम त्याने पुन्हा कधी हातात धरली नाही, आणि त्यासाठी मी त्याला जन्मभर मानलं. पण पटावर तो साधा खेळाडू झाला. समोर सोंगट्या असतील तर बरा खेळायचा. पटाकडे पाठ करून बसला की थोड्या चालींनंतर म्हणायचा, “धुरकाटतंय, मामा.” दिवाळीच्या सामन्यांना मामाने पुढे दोनदा त्याला नेलं आणि मग नेणं सोडलं. कॉलेजाचं नाव कुणी काढलं नाही. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात त्याला ऊस तोलायच्या काट्यावर नोकरी लागली. तिथून तो चांगल्या नावानं निवृत्त झाला, लग्न झालं, मुलगी डॉक्टर झाली. वाईट काही झालं नाही. हेच मला कधीकधी सहन होत नाही, की वाईट झालं असं बोट ठेवून दाखवता येत नाही.

दादाच्या त्या डॉक्टर मुलीला मी एकदा सगळं विचारलं. ती म्हणाली, “आत्या, त्या वयात मेंदूची घडण चालूच असते, म्हणून तेव्हा घेतलेल्या गांजाचा स्मरणावर, लक्षावर परिणाम होऊ शकतो. किती होतो, किती भरून येतो, हे माणसागणिक वेगळं. पण बाबांच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते मी सांगू शकत नाही. कदाचित ते खेळात तेवढेच पुढे गेले असते.” मी तिला म्हटलं, डॉक्टर लोक हात झटकायला शिकतात काय गं? ती हसली. पण घरी आल्यावर मला तिचं म्हणणं टोचत राहिलं. आबांचा हिशेब चुकला हे मला माहीत आहे. किती चुकला, ते कोण सांगणार?

आई, आबा, मामा, सगळे गेले. गेल्या वर्षी दादा माझ्याकडे चार दिवस राहायला आला होता. दुपारी जेवणं झाली, तो पान लावत बसला होता आणि मी नातवंडांना त्याच्या गोष्टी सांगत होते, तुमचा आजोबा भिंतीकडे तोंड करून कसा खेळायचा, कसा न बघता माझी प्यादी मारायचा. नातवंडं उठून गेली. दादा पानाला चुना लावता लावता थांबला आणि म्हणाला, “सुमे, खरं सांग. हे तू पोरांस्नी रंगवून सांगतीस न्हवं?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“मी खरंच तसा खेळायचो? मला त्यातलं काय आठवत न्हाई, गं. तू सांगतीस म्हनून मी व्हय म्हनतो.”

मी त्याचा हात धरला, आईची शपथ घेतली, जेवढं आठवत होतं तेवढं सगळं पुन्हा सांगितलं. तो नीट ऐकून घेत होता, मध्ये मध्ये मान डोलवत होता. शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “बरं, बरं. असंल.” माझा भाऊ मला फार जपतो. त्याला माझं मन मोडायचं नव्हतं, आणि त्याचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता.